बाबांनी काढलेले चर

आमच्या गावाच्या वर, पारामोत, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या थंड, दलदलीच्या माळावर, दर रविवारी बोगोताहून माणसं चालायला येऊ लागली तेव्हा आम्हाला हसूच आलं. कामधंदा सोडून चिखल तुडवायला एवढ्या थंडीत कोण चढतं? पण ती येतच राहिली. वाटेत चिखल, म्हणून जो तो बूट सांभाळत कडेच्या शेवाळावरून चालायचा. तिथेही चिखल झाला की आणखी कडेने. एका वाटेच्या दहा वाटा झाल्या. आणि फ्रायलेहोनची ती लोकरी पानांची झाडं, जी आजोबांच्या लहानपणी गुडघ्याएवढी होती आणि आज कुठे खांद्याला लागतात, ती मोडून आडवी पडू लागली.

आमचा झरा त्याच दलदलीतून निघतो. गावाच्या नळाला दुसरं पाणी नाही.

पाणी समितीच्या बैठकीत माझे बाबा, तिबेरियो, उठून उभे राहिले. "माणसांना शिव्या घालून काय होणार? कोरडी वाट द्या, गुमान तिच्यावरून चालतील. बटाट्याच्या वावरात पाणी साचलं तर आपण काय करतो? उताराला चर काढतो!"

शेजारच्या एर्मिन्दामावशी म्हणाल्या, "तिबेरियो, तू स्वर्गात गेलास तरी तिथे बटाटेच लावशील."

"लावीन की. आणि तुला सोलायला बसवीन."

सगळे हसले आणि ठरून गेलं. पिढ्यान्‌पिढ्या बटाटा पिकवणारी माणसं आम्ही, साचलेलं पाणी म्हणजे कूज, एवढंच आम्हाला ठाऊक. घरटी एक माणूस कुदळ घेऊन वर चढला. बायकांनी तिथेच चूल मांडून गुळाचं पाणी उकळलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना सरळ, खोल चर निघाले, आणि काळं पाणी खळखळत दरीकडे धावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, तेही टाळ्या वाजवून.

वाट खरंच कोरडी झाली. लोक तिच्यावरूनच चालू लागले, झाडं मोडायची थांबली. रविवारी बाबा घोंगडी पांघरून वाटेच्या तोंडाशी उभे राहायचे, मुलीच्या लग्नात बाप उभा राहतो तसे.

मग पाऊस संपला. कोरड्या महिन्यांत आम्हाला पाजायचं ते पाणी शेवाळ पोटात धरून ठेवायचं. त्या वर्षी ते पिवळं पडलं, पायाखाली कुरकुरू लागलं. झरा बारीक झाला, मग नुसती ओल राहिली, मग तीही गेली.

त्याच कुदळी घेऊन आम्ही चर बुजवले. पुढे दोन पावसाळे गेले, पण दलदल पुन्हा फुगली नाही. सरकारी खात्यातली एक बाई आली, शेवाळ मुठीत दाबून बघितलं. "धरेल पुन्हा पाणी," ती म्हणाली, "पण ते बघायला तुमच्यातलं कोणी नसेल."

गाव रिकामं होऊ लागलं. एर्मिन्दामावशींनी गाय विकली आणि मुलाकडे शहरात निघून गेल्या. जाताना त्यांनी बाबांना एक टोमणासुद्धा मारला नाही. बाबांना तेच जास्त लागलं.

हल्ली बाबा सकाळी खालच्या नदीवर दुधाचा कॅन भरतात, खेचरावर लादतात आणि घरावरून पुढे निघून जातात. एका रविवारी मी मागोमाग गेले. वर दलदलीत गुडघे टेकून ते शेवाळावर पाणी ओतत होते, हळूहळू, आजाऱ्याला पाजावं तसं. पाणी पडेल तिथे जमीन क्षणभर काळी व्हायची, की पुन्हा पिवळी.

"बाबा, याने काय होणार आहे?"

"काही नाही."

"मग कशाला?"

"मीच घालवलंय ना गं ते."

मला रडू फुटलं. तेवढ्यात मागून चालणाऱ्यांचा घोळका आला. छान बूट, लालबुंद गाल. एक मुलगी थांबून म्हणाली, "आजोबा, वाट काय सुंदर ठेवलीय हो तुम्ही! मागे आलो होतो तेव्हा नुसता चिखल होता."

बाबांनी हॅट काढून मान लववली. मी त्यांच्या हातातला कॅन घ्यायला गेले, तर त्यांनी तो सोडला नाही.