दुकानछाप दुर्बीण

माझा भाऊ लायल दुकानदारीत इतका मुरलाय, की त्याच्याशी बोलून झालं की मला हात धुवावेसे वाटतात. हायवेवर ते शिकारीच्या सामानाचं अवाढव्य दुकान आहे ना, दारात प्लॅस्टिकचं अस्वल उभं केलेलं, तिथे तो बंदुकांच्या काउंटरचा साहेब. वर्षभर त्याला बापाची आठवण नसते. नोव्हेंबरात हरणांचा मोसम उघडायच्या आधी मात्र स्वारी हजर. नवी गाडी, नवं केशरी जाकीट, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

आणि बाबा? बाबा आठवडाभर आधीपासून जंगलातल्या आमच्या खोपटाची झाडलोट करत बसायचे. का, तर लायल येणार. मी रोज त्यांचं जेवणखाण बघते, डॉक्टरकडे नेते, माझ्यासाठी कुणी कधी झाडू हातात घेतला नाही. असो.

त्या वर्षी बाबांच्या रायफलवरच्या दुर्बिणीत ओल शिरली. मी शाळेत होते तेव्हापासूनची दुर्बीण ती. आत धुकं धरलं, पलीकडचं काही दिसेना. कंपनी दुरुस्त करून देते, पण मोसम तोंडावर आलेला. मी गावातल्या दुकानातून त्याच कंपनीची नवी आणली. महाग होती, पण आमच्याकडे तीन पिढ्या ती वापरतात आणि कुणाची तक्रार नाही. बाबांचा ऐंशीवा वाढदिवस होता, तेवढंच निमित्त.

मी खोकं टेबलावर ठेवते न ठेवते तोच लायलने आपलं खोकं शेजारी आपटलं. त्यांच्या दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल. वर तेच अस्वल छापलेलं.

"मार्लिस, तू कसल्या किमतीला आणलीस ही? लुटलं की तुला त्यांनी!" लायल म्हणाला. "दोन्ही एकाच कारखान्यात बनतात, बाईसाहेब. फक्त शिक्का वेगळा. तू नावाचे पैसे मोजलेस."

"कारखाना बघून आलास वाटतं?"

"बाबा, तुम्हीच सांगा. कुठली लावायची?"

बाबांनी आधी माझी हातात घेतली. नेम सरकवायची टोपी फिरवली. टिक, टिक, टिक, स्वच्छ आवाज. मग लायलची घेतली. ती लोण्यात सुरी फिरवावी तशी गुळगुळीत फिरली, आवाज ना आवाजाचं नाव. बाबांनी ती पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, लायलही बघत होता.

"पोराने आणलीय, तर हीच लावू," बाबा म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ऐंशीव्या वाढदिवसाला काय तमाशा करायचा? माझं खोकं मी उचललं आणि कपाटात टाकलं.

आता व्हर्नकाकाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या खोपटात शेगडीच्या वर एका फळीला खिळे आहेत. शिकारीला येणाऱ्या प्रत्येकाचा एकेक खिळा, त्याला त्याचा मग. माझ्या लहानपणी व्हर्नकाकाचाही होता, बाबांचा सख्खा भाऊ. एका वर्षी तो रायफलचा नेम न तपासताच जंगलात गेला आणि एका नराला नुसता जखमी करून आला. चार दिवसांनी आम्हाला ते जनावर सापडलं, कावळ्यांनी डोळे काढलेलं. बाबांनी काही आरडाओरडा केला नाही. खिळ्यावरचा मग काढला, व्हर्नकाकाच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. तो पुन्हा कधी आला नाही. रायफलबद्दल मनात शंका असेल तर चाप ओढायचा नाही, हा बाबांचा एकच कायदा.

मोसमाच्या आदल्या रविवारी सगळं गाव चांदमारीच्या मैदानावर नेम जुळवायला जमतं. बाबांच्या पहिल्या तीन गोळ्या एका ठिकाणी, बशीखाली झाकल्या जातील अशा. चौथी एकदम उजवीकडे. पाचवी खाली. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. तीन गोळ्या सरळ, मग दुर्बिणीतली नेमाची फुली भरकटायची.

"दुर्बीण ढिली आहे," मी म्हटलं.

"तिच्या कड्या मी स्वतः आवळल्यात," लायल म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बाबा, राग मानू नका, पण हात थरथरतोय तुमचा."

शेजारच्या बाकांवरची माणसं एकदम आपापल्या काडतुसांत मान घालून बसली. या माणसांना बाबांनीच रायफल धरायला शिकवलेलं. बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग लायलकडे.

"हो," ते म्हणाले. "थरथरतो खरा."

मोसम उघडला त्या शनिवारी उजाडता उजाडता बाबांच्या मचाणाकडून एक गोळी वाजली. मी जाऊन पाहिलं तर बर्फावर रक्त, आणि रक्तात हिरवट पाणी. पोटात लागलेली. पोटात लागलेलं हरीण लांब पळत नाही हो. थोडं चालतं, बसतं, उठतं, पुन्हा बसतं. जिथे जिथे ती मादी बसली होती तिथे बर्फ वितळून तिच्या अंगाएवढा खळगा पडलेला, आणि खळग्यात ती हिरवी घाण. आम्ही एका खळग्याकडून दुसऱ्याकडे, असं दुपारपर्यंत चाललो.

"सोडा आता," लायल म्हणाला. "एक मादीच तर आहे. कोल्ह्यांची सोय होईल. मला भूक लागलीय."

बाबा चालतच राहिले. दलदलीच्या कडेला ती सापडली, झुडपात पाय दुमडून बसलेली. आम्हाला बघून तिने मान उचलली. उठायचं त्राण नव्हतं. बाबांनी जवळ जाऊन तिला संपवलं.

मी जन्मभर हरणं सोलत आलेय, मला वासाचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी पोट उघडलं आणि मला ओकारी आली. बाबा गुडघ्यांवर बसून बर्फाने मांस पुसत होते, त्यातलं निम्मं तर गेलंच होतं. आणि लायल? लायल झाडाला टेकून खिशातलं चीज खात होता! खाता खाता म्हणाला, "आता वय झालं, बाबा. रायफल माझ्याकडे द्या. घरातच राहील."

बाबांनी काढून दिली. ते त्यानंतर शेतातल्या माळ्यावरही चढले नाहीत की कुऱ्हाडही उचलेनात. कपात कॉफी ओततानाही दुसऱ्या हाताने मनगट धरायचे. घरात माझ्याशिवाय कुणी नसलं तरी.

जानेवारीत मी काही कामासाठी लायलच्या घरी गेले. भिंतीवर बाबांची रायफल. वर दुर्बीण होती, पण अस्वल नव्हतं. चांगल्या कंपनीची, माझ्या कपाटात पडली होती तशीच, हुबेहूब.

"ती तुझी अस्वलवाली कुठे गेली?" मी विचारलं.

"ती?" लायल हसला. "तो डबा मी कशाला लावू? मी काय वेडा आहे? टोपल्या भरून दुकानात परत येतात त्या. बाबांची पण परत आलेलीच होती, फुकट पडली मला."

"परत आलेली बापाला दिलीस?"

"अगं, म्हाताऱ्याला काय फरक पडतो! वर्षात एक गोळी झाडणार ते."

अशी शिसारी आली मला, की हातातला पाण्याचा पेला मी तसाच खाली ठेवला. मी खुर्चीवर चढून रायफल उतरवली. तो मागून "ए, ए" करत राहिला. त्याची दुर्बीण तिथेच सोडवून त्याच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि निघाले.

मी मनाशी ठरवलं, बाबांना काही सांगायचं नाही. मुलगा असला निपजलाय हे कशाला कळायला हवं? माझी दुर्बीण लावायची आणि रायफल त्यांच्या हातात द्यायची. हात ठणठणीत आहे हे त्यांचं त्यांना दिसलं की बास. नोव्हेंबरात पुन्हा मचाणावर चढतील.

एप्रिलमध्ये चिखल जरा सुकल्यावर मी त्यांना मैदानावर नेलं. नको नको म्हणत होते, जवळजवळ ओढूनच नेलं. नेम जुळवून झाल्यावर तीन गोळ्या, एकीला एक चिकटून. चौथी तिथेच. पाचवीचं तर वेगळं भोकच दिसेना.

"बघा!" मी ओरडलेच. "बघा तुमचा हात! सगळा दोष त्या डबड्याचा होता!"

बाबा हसले नाहीत. रायफल रिकामी करून त्यांनी बाकावर ठेवली.

"मला माहीत होतं गं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"चौथ्या गोळीला. माझा हात मला कळत नाही होय?"

"मग थरथरतो म्हणून का सांगितलंत सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर म्हणूनच. लायलची मान खाली गेली असती. पुन्हा आला नसता तो."

"अहो, पण मग तीच घेऊन जंगलात का गेलात?"

त्यांनी रिकामी काडतुसं गोळा करून खिशात टाकली. "वाटलं, जवळून मारीन. चालून जाईल. व्हर्नसुद्धा हेच म्हणाला होता, चालून जाईल. पोराचं मन राखायला मी ते जनावर दुपारपर्यंत कुजवलं, मार्लिस. जिवंतपणी."

येताना त्यांनी गाडी खोपटाकडे घ्यायला लावली. आत शिरताच माझी नजर फळीवर गेली. लायलचा मग, त्याच्यावरही तेच अस्वल. मी तो ओढून काढला, दार उघडलं आणि चिखलात भिरकावला.

बाबा बाहेर गेले. वाकून तो उचलला, हातपंपाखाली धुतला, सदऱ्याला पुसला आणि परत त्याच्या खिळ्यावर टांगला.

"त्याने दिली, लावली मी," ते म्हणाले. "चाप मी ओढला."

नंतर त्यांनी स्वतःचा मग खिळ्यावरून काढला, टवके उडालेला निळा. कोटाच्या खिशात घातला आणि रायफल माझ्या हातात दिली.

"लायलला यातलं काही बोलायचं नाही. शपथ घे."

मी घेतली. काय करणार?

नोव्हेंबरात बाबा घरीच राहिले, लायल मात्र आलाच. नवी गाडी, नवं जाकीट. आपल्या मगात त्याने कॉफी ओतून घेतली, शेगडीजवळची बाबांची खुर्ची ओढून बसला आणि फळीकडे बघत म्हणाला, "म्हाताऱ्याचा मग कुठे गेला गं?"