कमरा आणि कॉम्रेड

जाफराबादच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारी सुहासिनी दर सोमवारी फाटकाजवळच्या फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहायची. त्याचा अर्थ, तो कुठून आला आणि खाली एक वाक्य. गणित शिकवणारी गंधाली आणि ती सहा वर्षं बसस्टँडमागच्या एका खोलीत राहत होत्या. दोघींची घरं जालन्यात. शनिवारी एकाच एसटीनं जायचं, सोमवारी सकाळी एकाच एसटीनं परत.

या जूनमध्ये वाणिज्य शिकवायला रुचि आली. गावातले कापडाचे व्यापारी झुंबरलाल तिचे काका, त्यांच्याच घरी ती राहायची. महिन्याभरात गंधाली रोज संध्याकाळी तिकडं जायला लागली. "जरा जाऊन येते," म्हणायची आणि जेवूनच यायची. सुहासिनी दोघींच्या पोळ्या करून वाट बघायची. एक दिवस तिनं मुद्दाम एकटीपुरत्याच केल्या. गंधालीच्या ते लक्षातही आलं नाही, आणि तेच सुहासिनीला जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी तिनं फळ्यावर लिहिलं : कॉम्रेड. साथीदार, आपल्या बाजूनं लढणारा. मूळ स्पॅनिश शब्द कामारादा, म्हणजे एका खोलीत राहणारा. आधी तो एकत्र राहणाऱ्या सैनिकांसाठी वापरत. मग खाली वाक्य लिहिलं : 'ज्यांनी खोली वाटून घेतली तेच खरे साथीदार, बाकीचे नुसते येणारे-जाणारे.'

मधल्या सुट्टीत रुचि हसतच स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, मंग हा तर आमचा कमरा झाला की. आमच्या घरी सगळे खोलीला कमराच म्हणतात. दोन्ही एकच असतील का?"

"अगं हो की," गंधाली म्हणाली, आणि तिनं कौतुकानं रुचिचा हात दाबला.

इतक्या वर्षांत सुहासिनीच्या हे कधी मनात आलं नव्हतं.

"कानाला सारखं लागलं म्हणून शब्दांचं नातं होत न्हाई," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "थोडं वाचून बोलावं माणसानं."

रुचिचा चेहरा उतरला. ती वह्या घेऊन बाहेर गेली.

दुपारी सुहासिनीनं ग्रंथालयात जाडा कोश काढला. कमरा हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. त्याचं आणि कॉम्रेडचं मूळ एकच, खोलीसाठीचा जुना लॅटिन शब्द. रुचि बरोबर होती. सुहासिनीनं कोश जागेवर ठेवला आणि दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर गंधालीनं विचारलं, "ते फळ्यावरचं वाक्य माझ्यासाठी होतं ना?"

"तुला कळायला तीन दिवस लागले."

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी प्राध्यापकीच्या सेट परीक्षेचा अभ्यास करून राह्यले, रुचिसोबत. विषय वेगळे असले तरी पहिला पेपर सगळ्यांना सारखाच असतो."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुझी सेट दोनदा गेल्ती. दुसऱ्यांदा तू आठवडाभर जेवली न्हाईस. तुझ्यासमोर ते पुस्तक उघडायला मला नको वाटायचं."

सुहासिनीनं दोघींपुरती कणीक काढली. मग म्हणाली, "रुचिचं खरं होतं. कोशात बघितलं मी. सोमवारीच."

"सोमवारी? आणि तिला सांगितलं न्हाईस?"

दुसऱ्या दिवशी सुहासिनीनं फळ्यावरचं ते वाक्य पुसलं. त्या जागी लिहिलं की कमरा आणि कॉम्रेड एकाच मुळाचे, आणि हे रुचि मॅडमनी ओळखलं. मग रुचिला गाठून म्हणाली, "मला माहीत होतं तुमचं बरोबर आहे. तरी गप्प बसले. चूक झाली माझी."

"मला वाटलं मी काहीतरी येड्यासारखं बोलले," रुचि म्हणाली. "त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये पाऊलच टाकलं न्हाई मी. तुम्ही पण या ना मॅडम संध्याकाळी. सेटच्या इंग्रजी उताऱ्यांत आम्ही दोघी अडकून राह्यलो."

सुहासिनी गेली. रुचिच्या काकू पानबाईंनी तिलाही ताट वाढलं. समोर दोघी एका पुस्तकावर वाकल्या की तिला अजूनही टोचायचं, पण ती जात राहिली. उतारे सोडवता सोडवता रुचि तिला एकेका शब्दाचं मूळ विचारायला लागली. तासच्या तास त्यातच जायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका संध्याकाळी सुहासिनी आणि गंधाली खोलीकडं परत येत होत्या. गंधाली दोन पावलं पुढंच चालत होती. मग म्हणाली, "तुमचं दोघींचं बरं जमलंय. माझ्याशी आज कुणी एक शब्द बोललं न्हाई."

सुहासिनीला तो आवाज नीट ओळखीचा होता, तिच्याच मनातला. तिला आधी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

"उद्या पेपरातले गणिताचे प्रश्न घेऊ," ती म्हणाली. "मला त्यातलं काही येत न्हाई. तूच शिकव."