बग्गीखालची जमीन

“तुम्ही मैदान निवडलं नाहीत, उशी निवडलीत!” बग्गीवाली घोडेस्वारांच्या क्लबाच्या समितीच्या तोंडावरच म्हणाली.

खोटं काय होतं त्यात? मैदान व्हायचं होतं बग्गी हाकण्यासाठी. बैठकीच्या टेबलावर वाळूचा नमुना आला, पाच शहाण्यांनी तो चिमटीत धरून “वा, किती मऊ!” म्हटलं आणि उघड्या मैदानावर वीतभर जाड वाळू, त्यात मऊपणासाठी कापडाच्या चिंध्या, असा ठराव करून मोकळे झाले. उड्या मारणाऱ्या घोड्याला ते ठीक. पण बग्गीचं चाक बारीक, त्यावर लोखंडी पट्टीची धाव; ते असल्या वाळूत सुरीसारखं उतरतं. चिंध्या आसाला गुंडाळतात. आणि ओढायचं कुणी? तिच्या तांबड्या घोडीने. एका मोसमात तिचे पाय कामातून गेले असते.

म्हणून बग्गीवालीने मैदानाच्या कडेला दोन पट्टे तयार केले होते. एक समितीच्या वाळूचा. दुसरा तिचा: खाली ठोकून बसवलेली खडी, वर दोन बोटं दगडाची बारीक कच, पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेली.

“घोडी कुठाय?” अध्यक्षांनी विचारलं.

“तिला कशाला त्रास? ठरवलं माणसांनी, ओढू दे माणसांनीच.”

हलक्या दुचाकी बग्गीत तिचे बाबा चढून बसले. हयात चाकं घडवण्यात गेलेला माणूस. ती स्वतः घोडीच्या जागी दांड्यांमध्ये शिरली, कचेवरून बग्गी टोकापर्यंत नेली, वळवली, परत आणली. मागे चाकांच्या नुसत्या रेघा.

“या आता, साहेब.”

अध्यक्षांनी कोट काढला, दांड्या धरल्या. वाळूत चार पावलं गेले असतील नसतील, चाकं रुतली. मान लालभडक.

“ओढा की!” बाबा वरून ओरडले. “चाबूक घरी राहिला हो माझा!”

समितीतलेच दोघं फिसकन हसले.

बाबा उतरले. कचेवर गुडघा टेकून त्यांनी एका रेघेतून बोट फिरवलं. लेकीला जन्मात कधी शाबासकी न दिलेला हा माणूस म्हणाला, “माझ्या चाकांच्या लायकीची जमीन केलीस, पोरी.”

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“विचार करू आम्ही,” अध्यक्ष धापा टाकत म्हणाले.

“कसला विचार? वाळूचे ट्रक उद्या सकाळी दारात येतायत. परत पाठवताय की नाही? पळवाट नको, साहेब. इथेच सांगा, हो की नाही?”