चौदाव्या सभासदाची संमती

टक्! भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि पहाटेच्या निःशब्द घरात तेवढ्यानंच पाच वर्षांची मेनुर जागी झाली.

"आई, कोंबडीला आंघोळ घालायची? बैठकीला जायचंय ना तिला."

रूमियातीला हसावं की रडावं कळेना. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या विद्यापीठात, कँटीनच्या टोकाला तिचा भात आणि मिरचीतल्या अंड्यांचा गाळा होता. तो राहणार की जाणार, हे आज ठरायचं होतं. विद्यार्थ्यांच्या 'स्वच्छ खरेदी समिती'नं नियमच केला होता: माल पुरवणाऱ्यानं स्वतः येऊन सांगायचं, की मी राजीखुशीनं राबतो, मला कुणी पिळत नाही. न आल्यास गाळा बंद. टोफूवाला येऊन गेला, भाजीवालीही. रूमियातीनं आपलं खरं ते सांगितलं, अंडी घरच्या बारा कोंबड्यांची. समितीची चिटणीस किनासी हिनं मान वर न करता लिहून घेत म्हटलं, "बारा जणी? मग एक प्रतिनिधी आणा, बू." बू म्हणजे बाई; तिकडे थोरल्या बाईला अशीच हाक मारतात.

दहा वाजता रूमियाती, मेनुर आणि टोपलीतली तांबडी कोंबडी समितीच्या खोलीत पोचल्या. टोपली टेबलावर ठेवताच कोंबडी बाहेर पडली, शिक्क्याच्या शाईत पाय देऊन हजेरीपटावरून चालत गेली.

"सही झाली," किनासी म्हणाली. "हजर चौदा."

इथंच घोटाळा झाला. समितीत मतं मोजणं म्हणजे असभ्यपणा. हजेरीपटावरचा शेवटचा माणूस 'हो' म्हणेपर्यंत बसून राहायचं, हीच रीत. गाळा ठेवायला समितीचे तेरा जण केव्हाच 'हो' म्हणाले. राहिली कोंबडी.

अध्यक्ष गाडिंग तिच्यासमोर अदबीनं वाकला. "बाई, अंडी तुम्ही मर्जीनं देता का?"

कोंबडीनं एक डोळा मिटला.

"गप्प आहे म्हणजे हो," मागून कोणीतरी म्हणालं.

"गप्प म्हणजे हो?" किनासी उसळली. "वर्षभर याच्याचविरुद्ध घोषणा दिल्या ना रे आपण! घसा बसला होता माझा!"

"गाडिंगदादा, अकराला गिऱ्हाईक येतं हो माझं," रूमियाती काकुळतीला आली.

"बू, घाईत घेतलेली संमती ही संमती नसते."

साडेबारा वाजले. कोंबडी ठरावाच्या मसुद्यावर बसली, जरा फुगली आणि उठली. मसुद्यावर अंडं.

"दिलं! आपणहून दिलं!" रूमियातीनं टाळी वाजवली.

गाडिंगचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "आपल्या खोलीत, आपल्या बैठकीत दिलं. म्हणजे आता मालक आपण."

"आणि जेवणाची सुट्टी दिली नाही तिला," किनासी पुटपुटली.

"मग आपल्यावर बहिष्कार घालायला हवा," गाडिंग म्हणाला.

समितीतल्या दोन मुली लगेच फलक रंगवायला बसल्या. समिती समितीच्या विरोधात उभी राहायच्या बेतात होती. शेवटी तडजोडीचा ठराव आला: कोंबड्यांना दर शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी अंडं विकायचं नाही, बाकी गाळा कायम. ठराव वाचून झाला आणि सगळे श्वास रोखून कोंबडीकडे बघू लागले. मेनुरनं आपल्या केळीच्या पानातला चिकट भात तिच्यापुढे सांडला. कोंबडीनं टिपायला मान खाली घातली, वर केली, परत खाली.

"हो म्हणाली!" तेरा जणांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी डोळे पुसले.

गाळा वाचला. रूमियाती बाहेरच्या पायरीवर बसली, लेकीला तिनं पोटाशी धरलं, केसांत नाक खुपसून तिचा वास घेतला. मग डोक्यात चक्र सुरू झालं. शुक्रवारी अंडी नाहीत, म्हणजे तेंपे, आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तळावं लागेल. ते कापायचं, मसाल्यात मुरवायचं. तासभर आधी उठलं तर होईल. शनिवारी पुन्हा अंडी. रविवारी घरच्या घरी धुणं, कोंबड्यांचं खुराडं साफ करणं.

मेनुरनं टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि आईकडे पाहिलं.

"आई, कोंबडीला शुक्रवार मिळाला. तुझा वार कुठला?"