माणिकप्पांचा न वाकणारा पाय

मित्रांनो, मी मांडीचे हाड आहे. जुने आहे, पण मोडके नाही. ते कसे, तेच सांगायचे आहे.

शरीरात माझ्याइतके लांब आणि मजबूत हाड दुसरे नाही. यात बढाई नाही, मोजमाप आहे. माझे वरचे टोक लिंबासारखे गोल. ते कमरेच्या खोबणीत फिरते. खालच्या टोकाला दोन उंचवटे आणि मधे घळ. त्या घळीवरून गुडघ्याची वाटी सरकते. विहिरीच्या चाकावरून दोर ओढला की बादली हलकी येते. तसे मांडीचे स्नायू या वाटीवरून नडगीला ओढतात आणि पाय सरळ होतो. काम तिचे, वजन माझ्यावर. तक्रार नाही.

माझे मालक माणिकप्पा, अहमदपूरचे किराणा दुकानदार. बाहत्तरच्या दुष्काळात दुकानात विकायला काही उरले नाही आणि घ्यायला कोणी उरले नाही, तेव्हा ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. तिथे दगडांच्या ढिगावरून घसरले. वाटी फुटली. मला ओरखडाही नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातले, वाटी सांधल्यावर ते काढले आणि बजावले, "आता रोज थोडा थोडा वाकवा. दुखेल, तरी वाकवा."

पण घरी शिवम्मा होत्या, माणिकप्पांच्या पत्नी.

"दुखतंय न्हवं? मग कशाला वाकवायलाव? पुन्हा फुटली म्हंजे?"

पायाखाली उशी आली. कोमट तेल आले. पाहुणे पाय बघायला येत आणि चहा पिऊन जात. पाय लई जपला. इतका जपला की तो वाकायचेच विसरला. वाटी माझ्या घळीत अडकून बसली.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. आम्ही जागचे हललो नाही, तरी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्ह्यात गेलो. त्या आनंदात पंगत बसली. सगळे मांडी घालून, माणिकप्पा एकटे खुर्चीवर. त्यांचे दोस्त नागप्पा भात वाढता वाढता म्हणाले, "माणिकप्पा, मेल्यावर कसं करायचं रं तुझं? समाधीत बी खुर्ची ठिवायची का?"

आमच्या समाजात माणसाला आडवे पुरत नाहीत. हातात इष्टलिंग देऊन, मांडी घालून बसवतात. पंगत हसली. माणिकप्पाही हसले. शिवम्मा हसल्या नाहीत.

घरी आल्यावर माणिकप्पा एवढेच म्हणाले, "मला आडवं घालू नको. बसवून पाठीव."

दुसऱ्या दिवसापासून शिवम्मा त्यांचा पाय खाटेवरून खाली सोडून घोट्याला दुकानातली वजने बांधू लागल्या. माणिकप्पा ओरडत.

"वरडा," त्या म्हणत, "पण वाकवा."

गुडघा कुरकुरला, बोटभर हलला आणि थांबला. नव्या जिल्ह्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, माझ्याकडे निरखून पाहिले आणि सांगितले की उशीर झाला.

पुढे बऱ्याच वर्षांनी माणिकप्पा गेले. त्यांना भिंतीशी बसवू लागले, तेव्हा डावी मांडी बसली, उजवी बसेना. कोणीतरी हळूच म्हणाले, "जोर लावावा लागंल. मोडंल, पण बसंल."

मित्रांनो, घरात माझ्याविषयी झालेली ही पहिलीच चर्चा.

"हात लावू नगा," शिवम्मा म्हणाल्या. "म्याच बिघडवलाय तो, जपून जपून. आता मोडू देणार न्हाई. नागप्पा भाऊजी, खड्डा वाढवा."

नागप्पा स्वतः कुदळ घेऊन गेले. खड्ड्याच्या पुढच्या अंगाला पायापुरता एक चर खणला. म्हातारा घामाघूम झाला. माणिकप्पांना खाली बसवल्यावर त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "बस लेका, पाय पसरून. हितं कोन हासत न्हाई."

तेव्हापासून माणिकप्पा बसले आहेत आणि मी त्यांच्यापुढे सरळ पडून आहे.

तुमच्याकडेही दोन गुडघे असतील. त्यांना जपा. म्हणजे वाकवा.