एकेचाळीस पांढऱ्या ओळी

मी एक जुना लॅपटॉप बोलतोय. बोलतोय असं आपलं म्हणायचं. माझा आवाज म्हणजे आतल्या पंख्याची घरघर. ती ऐकून माणसं म्हणतात, "झालं याचं." गेली तीन वर्षं म्हणताहेत. एरवी मी गप्पच असतो, चारचौघांत बोलायचा धीर होत नाही. पण आठवडाभर रोज सकाळी माझ्या पडद्यावर एक निळी चौकट उघडते, आणि तिच्यावर काय दाबायचं यावर एका बाईची झोप उडाली आहे. म्हणून बोलतो.

शुद्धीवर आलो तेव्हा मी इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहरात एका विद्यार्थिनीच्या मांडीवर होतो. तिनं माझ्यावर प्रबंध लिहिला, रडली, पुसला, पुन्हा लिहिला. मुदत हुकली तेव्हा तिनं गुरुजींना सांगितलं, "मशीननं सगळं खाल्लं." मी काही खाल्लं नव्हतं. पण त्यावर तिला चार दिवस वाढवून मिळाले, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पास झाली आणि तिनं मला विकून टाकलं.

घेतलं ते मार्तोयोंनी. क्लातेन गावाच्या अलीकडे, भातखाचरांना लागून त्यांचं छपाईचं दुकान. लग्नाच्या पत्रिका, सुंतेच्या पत्रिका, आणि सगळ्यांत जास्त, गेलेल्यासाठी म्हणतात त्या कुराणातल्या यासीनच्या पुस्तिका. आमच्याकडे माणूस गेलं की तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी शेजारीपाजारी जमून प्रार्थना म्हणतात. मग वर्षाची, दुसऱ्या वर्षाची, आणि शेवटची हजाराव्या दिवसाची. एकेका प्रार्थनेनं जीव पुढच्या वाटेला लागतो, अशी समजूत. हजारावा झाला की कबरीवर दगड बसतो. निघताना प्रत्येकाच्या हातात भाताचा डबा आणि गेलेल्याचा फोटो छापलेली पुस्तिका. या पंचक्रोशीत असं एकही घर नसेल, जिथं माझ्यातून निघालेली पुस्तिका नाही.

दिवस मोजायचे म्हणजे बोटांवर मोजण्याइतकं सोपं नाही. सात वारांना बाजाराच्या चक्रातले पाच वार जोडून आमचा दिवस होतो, आणि तो मध्यरात्री बदलत नाही, सूर्य बुडाला की बदलतो. सोमवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेनंतर कुणी गेलं, तर तो मंगळवारी गेला. मार्तोयोंनी सहा महिने पुस्तकं वाचून, चुकतमाकत, माझ्यात दिवस मोजायचा एक प्रोग्रॅम केला. नाव आणि तारीख घातली की सगळे दिवस समोर. बाजूला एक बारीक खिडकी होती. तिच्यात खूण केली की ओळ पिवळी व्हायची आणि मोजणी एक दिवस पुढं सरकायची.

कुणी रडवेल्या चेहऱ्यानं आलं की ते आधी त्याला बसवायचे, झाकणाच्या पेल्यातून गोड चहा द्यायचे, आणि मग अगदी हळू विचारायचे, "बांगेआधी की बांगेनंतर?" त्या खिडकीवर मात्र त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर कोण 'मीठ' लिहितं?

मग मार्तोयोच गेले. दुकान मुलीकडे आलं. विनार्सी कामाला चोख. तिच्या हातच्या पत्रिका बापाच्या पत्रिकांपेक्षा देखण्या. पहिली ओळ तिनं बापाचीच घातली. नाव, तारीख. खिडकी रिकामी. पिवळी ओळ म्हणजे बाबांच्या खास ओळखीचं घर, असा तिचा समज होता. त्यानंतर जी जी ओळ आली ती पांढरी. मला दिसत होतं. पण जेवढं विचाराल तेवढंच मला सांगता येतं, आणि तिला विचारायचं काय तेच ठाऊक नव्हतं.

इकडे मी म्हातारा झालो. नवं छपाईयंत्र मला ओळखेना. गिऱ्हाइकानं पाठवलेला फोटो उघडेना. मागच्या आठवड्यात लिक गियार्तो आला. तो यंत्रं दुरुस्त करतो. नात्यानं धाकटा काका नाही, पण सारं गाव त्याला 'लिक' म्हणतं. त्यानं माझं पोट उघडलं, फुंकर मारली आणि शिंकला.

"न्दुक, पोरी, याला नवी सिस्टीम घाल. जुनीला तिच्या कंपनीनं वाऱ्यावर सोडलंय. दार सताड उघडं टाकून बाजाराला गेल्यासारखं चाललंय तुझं."

"झेपेल का याला? बारा वर्षांचा आहे."

"मेमरी वाढवून देतो. नवरदेवासारखा धावणार नाही, सासऱ्यासारखा चालेल."

विनार्सी हसली. मग तिनं विचारलं, "आणि बाबांचा प्रोग्रॅम?"

गियार्तोनं स्क्रू पिळत मान हलवली. "तो नव्यात उघडायचा नाही. आत्ताच यादी छापून घे."

तेव्हापासून निळी चौकट रोज सकाळी येते. खाली दोन बटणं: 'आता सुरू करा' आणि 'नंतर आठवण करून द्या'. विनार्सी रोज दुसरं दाबते. खरं सांगू? मलाही काय हवंय ते कळत नव्हतं. पुन्हा चपळ व्हावं, कुणी आपल्याला पाहून उसासा टाकू नये, असं मलाही वाटतंच की. पण माझ्यातलं सगळ्यांत चांगलं जे होतं ते मार्तोयोंनी घातलेलं होतं.

आज सकाळी तिनं मन घट्ट केलं आणि जुन्या छपाईयंत्रावर यादी छापायला घेतली. कागद निघत होते तोच बुदे पाइनेम आल्या. या थोरल्या काकू पलीकडच्या आळीतल्या. यजमान तीन महिन्यांपूर्वी गेले. शंभरावा विचारायला आल्या होत्या.

"मंगळवारी येतो बुदे."

"मंगळवारी? बुधवारी नाही का गं?"

"हा मंगळवारच दाखवतोय."

"त्याला काय होतंय दाखवायला! मगरिबची बांग संपली होती. मी नमाजाच्या वजूचं पाणी घेऊन यांना उठवायला गेले, तर हे गेलेले. तुझा बाप असता तर आधी तेच विचारलं असतं. तू विचारलंच नाहीस. म्हटलं, शिकलेल्या पोरी, न विचारता कळत असेल."

विनार्सीचा हात माझ्यावर आला. तिनं बुदेंच्या यजमानांच्या ओळीशेजारच्या खिडकीत खूण केली. ओळ पिवळी झाली. मंगळवारचा बुधवार झाला.

"बुदे," ती म्हणाली, "चाळिसावासुद्धा मीच सांगितला होता."

बुदेंनी वाकून पिवळी ओळ पाहिली. "म्हणजे आम्ही सगळ्यांना जेवू घालून मोकळे, आणि हे बिचारे अजून वाटेतच?" त्या हसल्या, पण ते हसू पुरतं आलं नाही. पिशवी उचलून त्या उठल्या. दारातून म्हणाल्या, "बुधवारचंच छाप."

त्या गेल्यावर विनार्सीनं यादी वर सरकवली. तिनं घातलेल्या एकेचाळीस ओळी. एक आत्ताच पिवळी झालेली, बाकी चाळीस पांढऱ्या. अगदी वर मार्तोयो. त्यांचा हजारावा पुढच्या महिन्यात आहे. त्याच तारखेच्या पुस्तिका छापून, गठ्ठे बांधून कपाटात ठेवल्यात.

तिनं धाकट्या भावाला फोन लावला. हर्जांतो बकासीला कारखान्यात असतो, तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणतो. फोन तिनं माझ्याशेजारी टेबलावर ठेवला होता, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"म्बाक, एवढं काय त्यात? ती चौकट आलीय ना? दाब. प्रोग्रॅम गेला, यादी गेली. कुणी विचारलं तर सांग, मशीननं खाल्लं."

"आणि लोकांचे जे दिवस होऊन गेले?"

"ते गेले. प्रार्थना काय तारीख बघून वर जाते? गावभर सांगत फिरलीस तर उद्या तुझ्याकडे पत्रिका टाकायला कुत्रं येणार नाही."

"हर्जांतो, बाबांना गाडीतून उतरवलं तेव्हा श्वास चालू होता, आणि बांग होऊन गेली होती ना रे?"

पलीकडचा कारखान्याचा आवाज लांब गेला, तो बाजूला आला असावा.

"होऊन गेली होती," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "मशीन जुनंच आहे म्बाक. कुणी तुला बोल लावणार नाही."

फोन बंद झाला. तिचं बोट माझ्यावर सरकलं आणि बाण 'आता सुरू करा'वर जाऊन थांबला. मला कळलं की आता मीच तिची पळवाट आहे. दाबलं तर मी नवा होईन, ती सुटेल, आणि उरलेल्या घरांतली कितीतरी माणसं चुकीच्या दिवसांवर दिवस मोजत राहतील. मार्तोयोंचीही मोजणी तशीच. आणि गाव म्हणेल, शेवटी मशीनच ते. विद्यार्थिनीच्या वेळी मी गप्प बसलो, त्यात कुणाचं काही गेलं नव्हतं. आज मला ओरडावंसं वाटलं. पण पंखा तेवढा जोरात फिरला.

तिनं बोट उचललं. मग गियार्तोला फोन केला.

"लिक, मेमरी आणून ठेवा. नवी सिस्टीम घालायचीय. पण यादी सुधारून झाल्यावर."

"किती दिवस?"

"बाबांची ओळ आत्ता दुरुस्त करते. मग एकोणचाळीस घरं उरतात."

"तोवर हा टिकेल असं मी लिहून देत नाही बरं का. याची डिस्क कुरकुरतेय."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून आत्ताच निघतेय."

तिनं बापाच्या ओळीत खूण केली, निळ्या चौकटीवर 'नंतर' दाबलं, डोक्यावरचा रुमाल नीट केला, छापलेले कागद आणि पेन घेऊन ती बाहेर पडली. पहिलं घर समोरचंच. दारातल्या बाईचा आवाज मला इथवर आला: "आता? दोन वर्षांनी विचारतेस? लाज नाही वाटत?" विनार्सी काय बोलली ते ऐकू आलं नाही. दार मिटलं नाही, एवढं मी पाहिलं. ती अजून आतच आहे.

मी वाट पाहतोय. आज एक घर होईल, फार तर तीन. तेवढे दिवस मी टिकेन की नाही, माहीत नाही. पण पंखा जपून फिरवतोय. शेवटचं घर झालं की तिनं 'आता' दाबावं. मग मी नवा झालो तर ठीक, कायमचा बंद पडलो तरी ठीक.

तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा असेल. त्याला नवं करा, नाहीतर भंगारात द्या, आम्ही रुसत नाही. पण जी चूक तुमची, ती आमच्या नावावर टाकून जाऊ नका. आम्हाला ती कबूल करता येत नाही, आणि सुधारताही येत नाही.