चौथ्या गटाची पाळी

नोएलीनने लाइफ जॅकेटचा पट्टा आणखी थोडा आवळला आणि जहाजाच्या बाहेरच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. खाली हेलकावणारी रबरी बोट, आणि पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटावे इतके जवळ, ते काळे खडक. त्यांवर पेंग्विनांची भांडणं चालली होती. क्लाइव्ह सांगायचा तशीच, गळा काढून.

क्लाइव्ह तिचा नवरा. तरुणपणी डिझेल इंजिनांची देखभाल करायला तो इथल्या, दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन तळावर एक अख्खा हिवाळा राहिला होता, आणि ती होबार्टला घरी, तान्ह्या ब्रॉन्विनला घेऊन. तेव्हा बायकांना इकडे कोण आणतंय! परतल्यावर जन्मभर त्याच्या तोंडी हेच खडक. नोएलीनला ही जागा सवतीसारखी वाटायची. आता क्लाइव्ह नव्हता आणि तिचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. एकदा सवतीच्या अंगणात पाय ठेवून यायचं, एवढ्यासाठी ती या लांबच्या सफरीला निघाली होती. पुन्हा येणं होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याच ब्रॉन्विनकडे आज या सफरीची सूत्रं होती. कुणाला कधी, कुठे उतरवायचं हे तिच्या शब्दावर. होबार्टच्या धक्क्यावरच नोएलीनने लेकीला बजावलं होतं, "जहाजावर आई-बिई काही म्हणायचं नाही. बाकीच्यांसारखी मीही एक नोएलीन." ब्रॉन्विनने ते पाळलं, वर आईचं नाव शेवटच्या, चौथ्या गटात घातलं. पहिले तीन गट खडकांवर हिंडून, लालबुंद नाकांनी, हसत-खिदळत परत आले होते.

खालच्या बोटीत उभी असलेली ब्रॉन्विन डोंगराकडे पाहत होती. बर्फाच्या माथ्यावरून पांढरा धुरळा उडू लागला होता. तिने एकदा आईकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मग वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"वारा येतोय. उतरणं बंद. सगळ्यांनी आत चला. सॉरी, मंडळी."

जिन्यावर एकच गलका झाला.

"आमच्याच वेळेला बरा वारा सुटतो!" मागून सिडनीचा डेस्मंड ओरडला. "समुद्र बघा की, कसा गप पडलाय!"

नोएलीन मागे वळली. लाइफ जॅकेटचा पट्टा मात्र तिने केबिनमध्ये पोचेपर्यंत सोडला नाही.

वारा आला. बराच वेळ घोंगावला आणि मग पडलाही. तो सुटायच्या आत ती बोट जाऊन आली असती, कदाचित नसतीही. वारा पडेपर्यंत जहाजाने उत्तरेकडे तोंड वळवलं होतं.

संध्याकाळी ब्रॉन्विन केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावरचा कोट अजून ओलाच होता.

"आई."

सबंध सफरीत पहिल्यांदाच.

"ये, बस."

"चिडली असशील माझ्यावर."

"माझं रडून झालंय. तू बोल."

ब्रॉन्विन बसली नाही. "माथ्यावरचा बर्फ उडायला लागला की बंद करायचं, हा माझाच नियम. आज तो उडताना दिसला, आणि मी नुसती बघत राहिले. म्हटलं, एवढी एक बोट जाऊ दे. जिन्यावर तू होतीस ना." तिने हातातली टोपी पिळली. "हे आपण कुणासाठी म्हणतोय ते ध्यानात आलं, तेव्हा बंद केलं. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर कधीच बंद केलं असतं."

नोएलीन लेकीकडे बघत राहिली. खडकांचं दुःख होतंच, ते कुठे जाणार? पण त्याच्यावर चढून दुसरंच काहीतरी वर आलं आणि तिचा ऊर भरून आला. ही आपली पोर.

"म्हणजे उशीरच केलास."

"हो."

"पुन्हा करू नकोस."

"नाही करणार."

मग तिने लेकीचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले आणि ते उबदार होईपर्यंत सोडले नाहीत.

रात्रीच्या जेवणाला डेस्मंड तिच्याच टेबलावर येऊन बसला. खडकांचं त्याच्या डोक्यातून गेलंच नव्हतं.

"या बाईच्या घरचं कुणी रांगेत असतं ना," मटणाचा तुकडा कापत तो म्हणाला, "तर बरोब्बर उतरवलं असतं तिने."

दोघं-तिघं हसले. नोएलीनने पावाला लोणी लावणं थांबवलं आणि पाठ ताठ केली.

"होतं की. सगळ्यात पुढे मीच उभी होते. मी आई तिची."

डेस्मंडचा काटा हातातच राहिला. त्याने विचारलं, "मग तुम्ही... काहीच बोलला नाहीत तिला?"

"बोलले ना. चांगली झापली," नोएलीन म्हणाली. "बंद करायला उशीर का केलास म्हणून. ते मीठ जरा इकडे द्या."